मधलं पान

नानांचे वीस हजार रुपये मी दहा महिन्यांत फेडले. दर महिन्याच्या पाच तारखेला दोन हजार. ते नोटा मोजून घेत, पाकिटात ठेवत आणि भिंतीवरच्या कालनिर्णयाचं त्या महिन्याचं पान उलटून मागच्या कोऱ्या कडेला पेन्सिलीने एक उभी रेघ ओढत. सूट दिली नाही, व्याज घेतलं नाही. दहावी रेघ ओढल्यावर "झालां" एवढंच म्हणाले आणि बायकोला, म्हणजे आमच्या काकींना, चहा टाकायला सांगितलं.

मी हिशेबाचं काम करते. खातं कधी मिटलं हे मला कळतं, आणि ते खातं तिथे मिटलं. त्यांचं दुसरं एक देणं माझ्याकडे आहे, ते कुठल्याच कॅलेंडरच्या मागे मावणार नाही.

नाना आमच्या समोरच्या दारात राहायचे. भाईंदर पश्चिम, साठ फुटी रस्ता, तिसरा मजला. मूळचे देवगड तालुक्यातले, आणि उभी हयात बोटीवर भंडारी, म्हणजे मालवाहू जहाजावरचे आचारी. १९६६ मध्ये चढले ते २००१ मध्ये उतरले. आम्ही या इमारतीत आलो तेव्हा भाईंदरला नगरपालिका होती, महानगरपालिका २००२ मध्ये झाली. गच्चीवरून मिठागरं दिसायची, उन्हाळ्यात मिठाचे पांढरे ढीग दिसायचे, आणि खाली पाण्याच्या टँकरभोवती हंड्यांची रांग असायची. बाबा पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशचं काम करत. संध्याकाळी घरी येत तेव्हा त्यांच्या भुवयांवर राखाडी भुकटी असायची. २००८ मध्ये ते गेले. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते, अंधेरीला एका ऑडिटच्या ऑफिसात लागले होते, आणि घर माझ्यावर आलं होतं.

२००९ च्या पावसाळ्यातला एक रविवार. नानांचं दार उघडं होतं, आत चटईवर पत्ते पिसले जात होते आणि एक भिडू कमी होता. नाना, त्यांचा कॉलेजात जाणारा नातू आणि पहिल्या मजल्यावरचे गुजराती काका. काकांना श्रावणातल्या सातम-आठमला पत्ते खेळायची लहानपणापासूनची सवय. मी दारातून म्हटलं, मला मेंढीकोट येतो. नाना म्हणाले, "मग बस. ह्यां येगळां आसा, पण येतला."

ते पोकर होतं. आणि पैशांच्या जागी चिंचोके होते.

काकी दर उन्हाळ्यात वर्षाची चिंच फोडून ठेवत, त्यातले चिंचोके नानांनी एका चौकोनी पत्र्याच्या डब्यात राखले होते. अख्खा चिंचोका एकाचा, फोडून पांढरा पडलेला पाचाचा. एकूण दोनशे. खेळ संपला की मोजून डब्यात, दोनशे भरल्याशिवाय कोणी उठायचं नाही. पैसे लावून त्यांनी त्या घरात कधीही एक डाव होऊ दिला नाही. दिवाळीत गुजराती काका म्हणायचे, रुपया-रुपया तरी लावू. नाना मान हलवायचे. त्याचं कारण मला तीन वर्षांनी कळलं.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. प्रत्येकाच्या हातात दोन पानं, झाकलेली. मग टेबलावर तीन पानं उघडी पडतात, मग एक, मग आणखी एक. प्रत्येक उघडण्यानंतर सगळ्यांना आळीपाळीने बोलायचं असतं: चेक म्हणायचं, पैसे लावायचे, समोरच्याने लावलेत तर भरायचे, वाढवायचे नाहीतर पान टाकायचं. बोलण्याचा क्रम ठरलेला असतो. वाटणाऱ्याच्या डावीकडचा पहिला बोलतो, वाटणारा शेवटी. शेवटी बोलणाऱ्याला बाकीच्यांचं ऐकून निर्णय घेता येतो. पहिल्याला अंधारात बोलावं लागतं, आणि तेही एकदा करून भागत नाही, तीन वेळा. याला पोझिशन म्हणतात. मेंढीकोटात चौथ्या भिडूला हाताचा जो फायदा मिळतो तोच हा, फक्त इथे तो प्रत्येक फेरीत त्याच माणसाकडे राहतो.

नानांनी मला हे लोकलवरून सांगितलं. "विरारसून सुटलेली गाडी भाईंदराक येता," ते म्हणाले, "तेवा ती विरारवाली बसान बघता. तू चढतंस." मला लगेच कळलं. आत बसलेलीला सगळं दिसत असतं: दारात कोण लटकलंय, कोणाच्या खांद्याला जड पिशवी आहे, कोण नवखी आहे. चढणारीला गाडी थांबेपर्यंत आत काय आहे याचा पत्ता नसतो, आणि पाऊल तरी तिलाच आधी टाकायचं असतं. मी रोज सकाळी हे करत होते. आम्ही भाईंदरच्या बायका चढल्या चढल्या काय करतो? धक्काबुक्की करत आत घुसत नाही, तेवढी जागाच नसते. "अंधेरी कोण? बोरिवली कोण?" असं विचारतो. कोण कुठे उतरणार ते आधी काढून घेतो आणि मग कुणाच्या गुडघ्यांसमोर उभं राहायचं ते ठरवतो. नाना म्हणाले, चेक म्हणजे तेच.

पहिली दोन वर्षं नानांनी मला मुख्यतः एकच गोष्ट शिकवली, आणि तिला त्यांचा शब्द होता 'मधलं पान'. एक्क्यांची जोडी आली तर काय करायचं हे कोणालाही कळतं. इस्पिक सत्ती आणि चौकट दुर्री आली तर टाकायचं हेही कळतं. पण हातात राणी-दश्शी आहे, टेबलावर राणी पडली आहे, म्हणजे जोडी वरची आहे, पण सोबतचं पान दश्शीच आहे. समोर बसलेल्याकडे राणी-राजा असेल तर तू मेलीस. त्याच्याकडे काहीच नसेल तर तू जिंकलीस. आणि तुला पहिलं बोलायचं आहे. आणि समोरचा अनोळखी आहे. नाना म्हणायचे, हे तीन एकत्र आले की माणसं पैसे लावतात. थांबणं सोसत नाही म्हणून लावतात.

"लावलंस तर काय होईल ते सांग," ते विचारायचे. मी उत्तर द्यायचे आणि ते मला पुन्हा विचारायचे, कितीतरी रविवार, मला ते स्वतःहून दिसेपर्यंत. मी पैसे लावले, तर माझ्याहून हलकं पान असलेला पान टाकून निघून जाईल. थांबेल तो माझ्याहून भारी असलेला. म्हणजे स्वतःचे पैसे खर्चून मी टेबलावरून माझ्याकडून हरणाऱ्यांना घालवलं आणि मला हरवणाऱ्याला ठेवून घेतलं. उलट मी चेक केलं, तर हलक्या पानाच्या माणसालाही थाप मारायची जागा मिळते, डाव लहान राहतो, आणि मला त्याची एक हालचाल फुकटात बघायला मिळते.

मग भरायचं कधी? त्याचाही हिशेब होता, आणि तो मला फार आवडला. मध्ये बारा चिंचोके आहेत, समोरच्याने सहा लावले. मला सहा भरून अठरा मिळवायचे आहेत. एकूण चोवीस, त्यातले माझे सहा. म्हणजे असे चार डाव झाले आणि त्यातला एक जरी मी जिंकले, तरी बरोबरीत सुटले. तो मधल्या सगळ्या चिंचोक्यांइतके लावतो तेव्हा मात्र तिनातला एक जिंकावा लागतो. एकदा चर्चगेटहून येताना, वहीच्या मागच्या पानावर मी आणखी एक गणित मांडलं. हातातली दोन पानं जोडीची नसतील तर टेबलावर पहिली तीन पानं १९,६०० प्रकारे पडू शकतात, आणि त्यातल्या १३,२४४ प्रकारांत आपल्या दोन्हींपैकी एकाही पानाची जोडी लागत नाही. शंभरात साधारण अडुसष्ट वेळा. हे मी नानांना दाखवलं तेव्हा त्यांनी चष्मा लावून ते दोन्ही आकडे वाचले आणि म्हणाले, "समोरच्याचापण ह्याच." मग थोडं थांबून: त्याच्याकडे बहुतेक वेळा काही नसतं म्हणून घाबरायचं नाही, आणि कधीतरी असतंच म्हणून डाव फुगवायचा नाही.

हे सगळं अनोळखी माणसासाठी, बरं का. गुजराती काकांविरुद्ध नाना अगदी उलट खेळत. काकांना पान टाकणं जमत नसे, ते शेवटपर्यंत भरत राहत. त्यांच्यासमोर नाना मधल्या पानावरही पहिलं बोलून तिन्ही वेळा चिंचोके लावत आणि काका हसत हसत भरत. मी विचारलं, तुमचा नियम कुठे गेला? नाना म्हणाले, ह्याका मी वळाखतंय. ओळख म्हणजे त्यांच्या लेखी एकच गोष्ट होती: शेवटी उघडलेली पानं. कोण कसा दिसतो, काय घालतो, किती मोठ्याने बोलतो, याला ते ओळख म्हणत नसत. त्यांच्याकडे बोटीवरच्या दिवसांतली एक छोटी वही होती. तिच्यात माणसाच्या नावापुढे त्याने कोणत्या डावात शेवटी काय उघडून दाखवलं, आणि त्याआधी किती लावले होते, एवढंच लिहिलेलं. दुसरं एक अक्षर नाही. अनोळखी माणसाबद्दल नवख्याने काही समजायचंच झालं तर इतकंच समजावं, असं ते सांगत: साधी माणसं भरतात फार आणि थापा कमी मारतात, तेव्हा अनोळखी माणसाने शेवटच्या पानावर एकदम मोठं वाढवलं, तर त्याच्याकडे ते बहुधा असतंच.

आता माझी चूक सांगते.

जानेवारी २०१२. ऑफिसची सहल गोव्याला गेली. गोव्याच्या १९७६ च्या जुगार कायद्यात पुढे दुरुस्त्या होऊन बोटींवरच्या कॅसिनोला परवानगी मिळाली, आणि तेव्हापासून पणजीला मांडवीत त्या बोटी दिव्यांनी उजळून उभ्या असतात. आम्ही एका बोटीवर गेलो. बाकीच्यांनी थोडं इकडेतिकडे खेळून जेवण गाठलं. मी पोकरच्या टेबलावर बसले. माझ्या बँकखात्यात आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी साठवलेले पैसे होते. मी कार्ड दिलं आणि वीस हजारांच्या चकत्या घेतल्या. अडीच वर्षं चिंचोक्यांवर जिंकले होते, मला खेळ येत होता, असं मला वाटत होतं.

चाळीस मिनिटं झाली असतील. माझी पाळी बिग ब्लाइंडची, म्हणजे दोनशे रुपये मला पान न बघताच आत ठेवावे लागले होते. वाटणाऱ्याच्या जागेवरच्या गृहस्थांनी सहाशे केले. साठीच्या आतबाहेरचे, अर्धबाह्यांचा फुलाफुलांचा शर्ट, सारखं खिडकीतून नदीकडे बघत होते. मी मनाशी ठरवून टाकलं: बायकोने आणलंय, कंटाळलेत, वेळ घालवायला बसलेत. माझ्याकडे राणी-दश्शी. चारशे भरले. मध्ये तेराशे झाले. टेबलावर बदाम राणी, किलवर सत्ती, इस्पिक चौकी.

मी हजार लावले. त्यांनी भरले. चौकट नव्वी पडली. मी अडीच हजार लावले. त्यांनी भरले, पुन्हा नदीकडे बघितलं. शेवटी दुर्री पडली. माझ्या पोटात गोळा आला होता, पण मी तोपर्यंत इतकी आत गेले होते की चेक म्हणणं म्हणजे घाबरले असं कबूल करणं वाटलं. पाच हजार लावले. त्यांनी हात पुढे करून सगळ्या चकत्या आत सरकवल्या. माझ्याकडे दहा हजार नऊशे उरले होते. मला माहीत होतं. खरोखर माहीत होतं. तरी मी भरले, कारण त्या फुलाफुलांच्या शर्टाची जी गोष्ट मी रचली होती ती खरी निघायला हवी होती.

त्यांनी दोन सत्त्या उघडल्या. टेबलावरची धरून तीन.

परत येताना कोकणकन्येत मला झोप आली नाही. रात्री कणकवली स्टेशन गेलं, नानांच्या गावाचं स्टेशन, आणि प्लॅटफॉर्मच्या दिव्यात मला त्यांचा तो पत्र्याचा डबा दिसत राहिला.

घरी आईला काही बोलले नाही. तिसऱ्या दिवशी नानांच्या दारात उभी राहिले आणि सांगितलं. मला वाटलं होतं एकतर ते रागावतील, किंवा जाऊ दे म्हणतील. दोन्हींची मी तयारी करून गेले होते. दोन्हींवर काय बोलायचं ते जिना चढताना जुळवलं होतं. नानांनी यातलं काहीच केलं नाही. चटई टाकली, डबा काढला, पत्ते काढले. म्हणाले, तो डाव मांड. जसा झाला तसा.

मी राणी-दश्शी काढली. टेबलावरची पाच पानं काढली. ते विचारत गेले. त्याने भरताना वेळ घेतला की लगेच भरले? त्याने आपली पानं पुन्हा उचलून बघितली? त्याआधी चाळीस मिनिटांत तो किती डावांत आत आला होता? शेवटी कुठली पानं दाखवली होती? मला एकाही प्रश्नाचं उत्तर देता येईना. मला फक्त शर्ट आठवत होता. मी काहीतरी जुळवून सांगायला लागले, तसा त्यांनी हात वर केला.

"माका ठावक नाय, म्हण."

मी गप्प.

"म्हण गो. माका ठावक नाय. थंयसून सुरू कर."

मी म्हटलं. आणि मग रडले. काकी आतून पाणी घेऊन आल्या आणि ठेवून परत गेल्या.

पाणी पिऊन झाल्यावर आम्ही तोच डाव पुन्हा खेळलो. नाना ते गृहस्थ झाले, मी मी झाले. ते म्हणाले, चारशे भरून आत आलीस ते ठीक, भाव बरोबर होता. आता राणी पडली, चेक कर. ते तेराशेत साडेसहाशे लावणार, भर. नव्वी पडली, चेक. ते तेराशे लावणार, भर. दुर्री पडली, चेक. ते दोन हजार सहाशे लावणार. हवं तर तेही भर, तेवढे भरण्यासारखे आहेत. मग त्यांनी मला बेरीज करायला सांगितली. सहाशे, साडेसहाशे, तेराशे, दोन हजार सहाशे. पाच हजार एकशे पन्नास. तीच पानं, तोच माणूस, तोच पराभव. "हरतलंसच होतंस," ते म्हणाले. "पण स्वस्तात हरतलंस." कदाचित मध्येच त्यानेही चेक केलं असतं आणि त्याहून कमी गेले असते. कदाचित त्याच्याकडे सत्त्या नसून फुसकं काही असतं, तर त्याने थाप मारून माझ्याच पदरात पैसे घातले असते. मी तीन वेळा पुढे होऊन त्याला यातलं काहीच करू दिलं नव्हतं.

सहा रविवार आम्ही तो एकच डाव खेळलो. नातू कंटाळला, गुजराती काका दोनदा येऊन परत गेले. नाना दरवेळी ते गृहस्थ वेगळे करून खेळायचे: कधी सत्त्यांची जोडी, कधी राणी-राजा, कधी हातात काहीच नसलेले. मला आधी सांगायचे नाहीत. कितव्या रविवारी ते आठवत नाही, पण मी पहिल्यांदा समोर बघितलं आणि मला खरंच काही माहीत नव्हतं, आणि त्या माहीत नसण्याने हात थरथरले नाहीत.

मी सांगितलं त्याच आठवड्यात नानांनी बँकेतून वीस हजार काढून आणले होते. आईचं ऑपरेशन ठरल्या तारखेला झालं. पैसे हातात देतानाच ते म्हणाले की हे उसने आहेत, दर महिन्याला दोन हजार, पाच तारीख, चुकवायची नाही. तो करारीपणा मला जरा लागला. इतक्या प्रेमाने शिकवणारा माणूस पैशाच्या बाबतीत इतका काटेकोर का? मी तेव्हा विचारलं नाही. दहावी रेघ ओढल्यावर, चहा पिताना विचारलं.

तेव्हा त्यांनी टेक्सासची गोष्ट सांगितली. १९७४. भंडाऱ्याच्या हाताखाली होते, तिशीच्या आत होते. जहाज कॉर्पस ख्रिस्ती बंदराला गहू भरायला लागलं होतं. पाऊस सुरू झाला. पावसात धान्य भरत नाहीत, भिजतं, म्हणून कोठाराची झाकणं लावून जहाज आठ दिवस धक्क्यालाच उभं. शेजारच्या जहाजाची माणसं संध्याकाळी यांच्या मेसमध्ये येऊ लागली. पोकर नानांना त्याआधी पाच पानांचं येत होतं. हे दोन पानांचं तिथेच पहिल्यांदा बघितलं. दुसऱ्या रात्री दोन महिन्यांची बाकी त्यांच्याकडून गेली. जिंकणारा एक वयस्क फिलिपिनो तेलवाला, म्हणजे इंजिनाला तेल घालणारा खलाशी होता. सकाळी तो माणूस स्वयंपाकघरात आला आणि नव्वद डॉलर टेबलावर ठेवून म्हणाला, हे उसने घे, घरी पाठव, मला परत कर, आणि पाऊस थांबेपर्यंत रोज माझ्या खुर्चीमागे उभा राहून बघ. नाना सहा रात्री त्याच्या पाठीमागे उभे राहिले. मधलं पान त्यांनी तिथे बघितलं. पाऊस थांबला, गहू भरला, दोन्ही जहाजं सुटली. पत्ता घेतलेला कागद त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवला होता आणि तो शर्ट धुतला गेला.

त्यानंतर सत्तावीस वर्षं ते बोटीवर होते. मनिलाला चार वेळा गेले. दरवेळी खलाशांच्या वसतिगृहात जाऊन विचारलं. जहाजाचं नाव सांगायचे, माणसाचं वर्णन करायचे. काही लागलं नाही.

"तू फेडलंस," नाना म्हणाले, "म्हणान तू सुटलंस. मी अजून सुटाक नाय."

मी तेव्हा अडतीस वर्षं जुन्या नव्वद डॉलरांचं ओझं असलेल्या माणसासमोर बसले होते. त्यांनी माझ्याकडून पै न् पै का घेतली आणि घरात एक रुपयाही का लावू दिला नाही, हे मला कळलं. पत्त्यांपेक्षाही मी त्यांची ऋणी आहे ती या दोन गोष्टींसाठी. मला त्यांनी देणेकरी राहू दिलं नाही. आणि त्या दिवशी दारात उभी होते तेव्हा, मी कशी मुलगी आहे हे ठरवून न टाकता त्यांनी मला डाव मांडायला सांगितला. ज्या अनोळखी माणसाला मी शर्टावरून निकालात काढलं होतं, त्याच्याशी जसं वागायला हवं होतं तसे ते माझ्याशी वागले होते.

पुढे मी वाचायला लागले. जॉन फॉन नॉयमन आणि ऑस्कर मॉर्गनस्टर्न यांच्या १९४४ च्या 'थिअरी ऑफ गेम्स अँड इकॉनॉमिक बिहेव्हियर' या ग्रंथात पोकरवर एक मोठा भाग आहे, त्यातलं मला जेवढं झेपलं तेवढं मी नानांना मराठीत सांगितलं. ते ऐकून घेत. त्याहून त्यांना दुसरी एक गोष्ट आवडली. दोन पानांच्या या पोकरचं जन्मगाव म्हणून टेक्सासच्या विधिमंडळाने २००७ मध्ये रॉब्सटाउन या गावाला मान्यता दिली, आणि ते कॉर्पस ख्रिस्तीजवळच आहे. नानांनी नातवाच्या शाळेचा नकाशासंग्रह काढला. त्यात रॉब्सटाउन नव्हतंच, इतकं ते लहान. त्यांनी भिंग धरून कॉर्पस ख्रिस्ती शोधलं आणि त्याच्या शेजारी पेन्सिलीने बारीक टिंब काढलं.

हल्ली कोणी मला विचारतं की पोकर जुगार की कौशल्य. रमी मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे असं सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये म्हटलं. पोकरला गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये जुगार ठरवलं, तर दुसरीकडे वेगळी मतं निघाली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या सगळ्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, कौशल्य असो की नशीब. आमच्या इमारतीतली दोन मुलं त्याआधी रात्र रात्र मोबाइलवर टोपणनावांशी खेळत होती, ज्यांची उघडलेली पानं लक्षात ठेवायलाही वेळ मिळत नाही अशा वेगाने. मला तो कायदा योग्य वाटतो. कौशल्य असतं, मी शिकले आहे, म्हणूनच सांगते: ते कौशल्य यायला मला चिंचोक्यांवर अडीच वर्षं लागली आणि तरी बोटीवर ते चाळीस मिनिटं टिकलं नाही.

२०१९ मध्ये नानांचा डावा हात गेला. पक्षाघात. बोलणं आठवड्याभरात परत आलं, हात आला नाही. काकींनी वर्तमानपत्राची घडी करून एक उभी चळत शिवली, तिच्या खाचेत त्यांची दोन पानं उभी राहत. रविवार चुकला नाही. गुजराती काका तोपर्यंत मुलाकडे सुरतेला गेले होते, नातू नोकरीला पुण्यात होता. आम्ही दोघंच खेळायचो, ते कॉटवर, मी खाली चटईवर.

डिसेंबरातला एक रविवार. वाटणारे ते, पहिली बोलणारी मी. मला गुलाम-नव्वी. टेबलावर गुलाम पडला, सोबत पंजी आणि दुर्री. मी चटईवर दोन बोटं टेकवली, चेक. त्यांनी तीन लावले, मी भरले. राजा पडला. मी चेक, ते चेक. शेवटी सत्ती. मी चेक. त्यांनी सहा लावले आणि माझ्याकडे बघत राहिले. दहा वर्षं मी त्या चेहऱ्यासमोर बसले होते. आजारी पडल्यापासून तो चेहराही नवा झाला होता, एका बाजूने ओढलेला, आणि मला त्यातलं काही वाचता येईना. मी मोजलं आणि सहा भरले.

त्यांनी गुलाम-राणी उघडली.

"बघ गो," ते म्हणाले. बोलताना अजून जीभ अडखळायची. "स्वस्तात हरलंस."

मी चिंचोके गोळा केले आणि मोजले. एकशे अठ्ठ्याण्णव. पुन्हा मोजले, तेवढेच. काकी विजेरी घेऊन आल्या. एक कपाटाच्या पायाशी मिळाला. दुसऱ्यासाठी मी कॉटखाली पालथी पडून हात लांब करून चाचपत होते, तेव्हा वरून आवाज आला. एक पान पडलं, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरं. नाना एका हाताने पुढचा डाव वाटत होते.